हेडफोनमधली गिटार

नीला खांबेटे गिटार वाजवायची, तीही मांडीवर आडवी घेऊन, स्टीलच्या कांडीनं. हे सांगितलं की गुडगावच्या सोसायटीतली तरुण मंडळी तिच्याकडे जरा संशयानं बघायची, कारण गिटार म्हणजे गळ्यात अडकवून केस उडवायची वस्तू, अशी त्यांची पक्की समजूत. या मंडळींच्या जन्माआधी पुण्यात हवाईयन गिटारचे क्लास जोरात चालायचे. बऱ्या घरच्या मुली शिवणाच्या क्लासला जायच्या तशा याही क्लासला जायच्या, आणि लग्न झालं की बहुतेकींची गिटार खोळीसकट माळ्यावर चढायची. नीलाची चढली नाही. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली म्हणा ना.

विश्वास खांबेटे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. लग्न होऊन नीला दिल्लीत आली ती लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, एका भिंतीपलीकडे तमिळ कुटुंब, डोक्यावर पंजाबी. तिची गिटार विजेवरची, भरीव लाकडाची. ॲम्प्लिफायर जोडल्याशिवाय अशी गिटार कुजबुजण्यापलीकडे जात नाही. तो ॲम्प्लिफायर करून दिला राजाभाऊंनी. राजाभाऊ महाराष्ट्र मंडळातले, रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला, आणि रविवारी कुणाचा ना कुणाचा रेडिओ उघडून बसायचं त्यांना व्यसन. त्यांनी बंद पडलेल्या एका रेडिओग्रामचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर काढले, प्लायवूडच्या खोक्यात बसवले, पुढे एक मोठा स्पीकर लावला, आणि दोन माणसांनी उचलून आणावं लागणारं ते धूड नीलाच्या खोलीत आणून ठेवलं. "वहिनी, तापायला वेळ घेईल. घाई करायची नाही," एवढीच ताकीद दिली.

नीलानं त्याचीही सवय करून घेतली. आधी ॲम्प्लिफायर चालू करायचा, मग कुकर चढवायचा. शिट्ट्या होईपर्यंत मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह नारिंगी दिसायला लागायचे. आता, तो ॲम्प्लिफायर गुणी होता असं कुणी म्हणेल तर ते खोटं. तो सतत गुणगुणायचा. पावसाळ्यात हात लावला तर झटका द्यायचा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळ्या कॉलनीचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि त्याचा आवाज दमल्यासारखा, जाडसर व्हायचा. पण त्या दमलेल्या आवाजातच काहीतरी होतं. नीला कांडी खालून घसटत वर पंचमावर आणायची आणि तिथं धरून ठेवायची. स्वर विरायला लागायचा, तेवढ्यात स्पीकरमधला आवाज खोलीतून फिरून परत तारेवर यायचा, तार पुन्हा जागी व्हायची, आणि तो पंचम आपल्या आपण फुलत जायचा. नीला नुसती बोटाखाली त्याला सांभाळायची. तो किती वेळ धरायचा हे त्या त्या दिवशीच ठरायचं.

विश्वासराव तेव्हा तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, फाइलवर 'पाहिले' लिहिण्याची सवय. पण त्यांचा एक पाय चपलेत हलत असायचा, आणि पंचम सुरू झाला की थांबायचा. हे नीलाला दिसायचं आणि तिला तेवढं पुरायचं. वरची पंजाबी बाई जिन्यात गाठून सांगायची, "भाभीजी, कल जो बजाया था, वो फिर से बजाना." गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात 'खांबेटे वहिनींची गिटार' ठरलेली असायची. आरतीनंतर निम्मी माणसं घरी पळतात, पण त्या दिवशी खुर्च्या भरलेल्या असत.

नंतर आर. के. पुरमला मोठं क्वार्टर मिळालं, तेव्हा ॲम्प्लिफायरही टेम्पोत बसून तिकडे गेला. मग देशाचे दरवाजे उघडले म्हणतात तो काळ आला. खांबेट्यांच्या घरात तो अंशुमनच्या रूपानं आला. मुलगा इंजिनीअर झाला, परदेशी कंपनीत लागला, टाय लावून गुडगावला जायला लागला. ज्या गुडगावला पूर्वी कुणी बदली झाली तरी तोंड वाकडं करायचं, तिथं त्यानं चौदाव्या मजल्यावर फ्लॅट बुक केला. विश्वासराव निवृत्त झाले, सरकारी घर सोडायची वेळ आली, आणि सगळ्यांनी चौदाव्या मजल्यावर जायचं ठरलं. ठरलं म्हणजे अंशुमननं आणि त्याची बायको कृतिका हिनं ठरवलं. त्यात वाईट काही नव्हतं. दोघंही मनानं चांगली होती, आणि हेच नीलाला पुढे सगळ्यात जड गेलं.

"आई, हे धूड तिथं कुठं ठेवणार?" अंशुमन म्हणाला. "लिव्हिंग रूमचं सगळं इंटिरियर झालंय. आणि बिलकुल सेफ नाही ते, वायरिंग बघ ना यार."

वायरिंग खरंच बघवत नव्हतं. विश्वासरावांनी परस्पर तोडगा काढला: ॲम्प्लिफायर मंडळाला देऊन टाकला. मंडळानं तो गिटारसाठी वापरला असता तर नीलाला बरं वाटलं असतं. मंडळ त्यातून गाडी क्रमांक अमुक कृपया गेटसमोरून हलवावी, असं सांगायला लागलं. पुढच्या संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या स्मारकावर गेली, तेव्हा भाषणांसाठी तो टपावर बांधून नेला. येताना दोर सुटला. "पानिपतावर आणखी एक मराठी गडी पडला," असं विश्वासराव जेवताना म्हणाले आणि हसले. नीलानं त्यांना पुन्हा भात वाढला नाही.

गुडगावच्या घरात तिनं आधी म्युझिक सिस्टिमला गिटार जोडून पाहिली. आवाज कोरडा, पण आवाज तर होता. तिसऱ्या संध्याकाळी इंटरकॉम वाजला. "मैडम, नीचे से कम्प्लेंट है." खालच्या मजल्यावरच्या माणसाचा अमेरिकेशी कॉल चालू होता. पुढच्या आठवड्यात कृतिकाचाच कॉल चालू होता. दिवसा शेजारचं बाळ झोपलेलं असे. त्या इमारतीत कायम कुणीतरी एकतर अमेरिकेशी बोलत असे नाहीतर झोपलेलं असे. लक्ष्मीबाई नगरच्या पातळ भिंतींतून जे खपून गेलं, ते इथल्या जाड भिंतींतून खपेना. नीलानं महिनाभर गिटारला हात लावला नाही. ते अंशुमनच्या लक्षात आलं, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

अमेरिकेच्या फेरीहून तो एक यंत्र घेऊन आला. पोळपाटाएवढं, काळं, वर बटणं आणि एक चिमुकली खिडकी.

"आई, हा मॉडेलर आहे. यात सगळे ॲम्प्लिफायर आहेत. म्हणजे खरे नाहीत. आतला कॉम्प्युटर त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. गिटार इकडे लावायची, हेडफोन इकडे. वाजव दिवसभर. कोणाला त्रास नाही."

"आणि ऐकणार कोण?"

"तू!" अंशुमन म्हणाला, आणि खरोखर आनंदानं म्हणाला.

नीला काही नव्या वस्तूला नाक मुरडणारी बाई नव्हती. मायक्रोवेव्ह घरात तिनंच आधी शिकून घेतला होता. तिनं मॉडेलरही शिकून घेतला. पहिल्याच दिवशी चुकीचं बटण दाबलं गेलं आणि कानात कुणीतरी लोखंड कापायला लागलं. दचकून तिनं हेडफोन काढून फेकले. पण आठवड्याभरात तिला हवे तसे दोन-तीन आवाज सापडले. पुस्तिका वाचताना अंशुमनला एक बटण सापडलं. जुन्या ॲम्प्लिफायरला वीज कमी पडली की आवाज जसा दबतो, तो दबलेपणा त्या बटणानं कमीजास्त करता येत होता. नीला हसता हसता खुर्चीतून पडायची राहिली. लक्ष्मीबाई नगरच्या लाइटीचा गोरे लोक अभ्यास करत होते आणि त्याचं बटण करून विकत होते! बरीच वर्षं विजेच्या ऑफिसला केलेल्या तक्रारी तिला आठवल्या.

त्या यंत्राचं तिनं कधी खोटं वाईट सांगितलं नाही. त्याची गुणगुण नव्हती, झटका नव्हता, तापायची वाट बघायला नको. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालायचं. काल लावलेला आवाज आज तसाच्या तसा मिळायचा, एका केसाचा फरक नाही. हेडफोनमध्ये स्वतःच्या चुका इतक्या लखलखीत ऐकू यायच्या की तिची कांडी पहिल्यापेक्षा नेमकी पडायला लागली. साठी उलटल्यावर आपला हात सुधारतोय, हे तिला कळत होतं आणि त्याचा तिला अभिमान होता.

पण जे नव्हतं तेही तिला कळत होतं. मींड विरत जाताना मध्येच कुणीतरी दार लावल्यासारखी कापली जायची. खरखर येऊ नये म्हणून यंत्रच बारीक आवाज बंद करतं, असं निघालं. अंशुमननं ती सोय काढून टाकली, तेवढं जमलं. पंचमाचं मात्र जमेना. स्वर धरला की तो सरळ विरून जायचा. विरणारच. हेडफोनमधला आवाज तिच्या डोक्याच्या मध्यभागी होता आणि गिटार मांडीवर. दोघांमध्ये हवाच नव्हती, तर आवाज परत तारेवर येणार कुठून? यंत्रात जगातले ॲम्प्लिफायर होते, खोली नव्हती. नीलानं हळूहळू पंचम आखूड करून टाकला. आवर्तन संपायच्या आत सोडून द्यायची आणि पुढे जायची.

दुसरी गोष्ट तिला कळायला जास्त वेळ लागला. घरात ती वाजवत असताना बाकीच्यांना ऐकू येई ते फक्त तारेवर कांडी घासल्याची खसखस. विश्वासराव समोरच टीव्ही बघत बसलेले असत. त्यांचा पाय आता मालिकेच्या गाण्यावर हलत असे. "झालं का वाजवून?" असं ते विचारायचे, पूजा झाली का विचारावं तसं. पाहुणे आले की कृतिका कौतुकानं सांगायची, "आमच्या आईंचं इतकं छान आहे ना, रोज दोन तास वाजवतात. आम्हाला पत्तापण लागत नाही!" पाहुणे "अरे वा" म्हणायचे. नीला हसायची. आत कुठंतरी तिला ते लागायचं. वर्षामागून वर्षं ती रोज वाजवत होती, पूर्वीपेक्षा चांगलं वाजवत होती, आणि ते एका माणसानंही ऐकलेलं नव्हतं. ती एकटी पडली होती आणि घरातल्या सगळ्यांना तिची छान सोय लागल्यासारखं वाटत होतं.

त्या सोसायटीत पुण्या-मुंबईची बरीच कुटुंबं येऊन भरल्यावर गणपती बसायला लागला. पुष्कर नावाचा एक सॉफ्टवेअरमधला मुलगा सगळं बघायचा आणि अंशुमन सांस्कृतिक कार्यक्रमांचं. एका वर्षी पुष्कर स्वतः घरी आला. "काकू, या वेळी तुमचं गिटारवादन ठेवू या. पंधरा मिनिटं. व्हिंटेज काहीतरी पाहिजे."

'व्हिंटेज' हा शब्द नीलानं सोडून दिला. तिला एवढंच ऐकू आलं की मोठ्या स्पीकरमधून, हवेतून, माणसांसमोर वाजवायचं आहे. एकदा तरी या लोकांनी ऐकावं. विशेषतः विश्वासरावांनी ऐकावं आणि त्यांचा पाय थांबावा. तिनं यमनमधली एक गत निवडली. साथीला तबल्याचं यंत्र, कारण गुडगावात तबलजी शोधण्यापेक्षा प्लंबर शोधणं सोपं आणि तोही मिळत नाही. महिनाभर ती तयारी करत होती. बुधवारी अंशुमननं मॉडेलर कॉम्प्युटरला जोडला आणि तबल्यासकट सगळी गत रेकॉर्ड करून घेतली. "आठवण म्हणून," तो म्हणाला. नीलानं ती नीट वाजवली, पंचम आखूड ठेवून. मनात तिचं ठरलेलं होतं. स्टेजवर हवा असेल, मोठे स्पीकर असतील, तिथं पंचम एक आवर्तन जास्त धरायचा. फुलला तर फुलला.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी आवाजाची चाचणी झाली आणि सगळा विचका झाला. हेडफोनमध्ये जो आवाज गोड लागायचा, तोच त्या भल्यामोठ्या स्पीकरमधून पत्र्यावर खिळा ओढावा तसा निघाला. खालचा आवाज घुमायला लागला तो वेगळाच. पुढच्या रांगेत नाचाची वाट बघत बसलेल्या मुलींनी कानांवर हात ठेवले. काय झालं ते नीलाला लगेच कळलं. हेडफोनमध्ये हळू आवाजात ऐकताना वरचे आणि खालचे स्वर फिके वाटायचे, म्हणून तिनं ते वाढवून ठेवले होते. मोठ्या आवाजात तेच वाढवलेलं अंगावर आलं होतं. यंत्राची चूक नव्हती. ज्या कानासाठी लावलं होतं त्याच कानाला ते बरोबर होतं.

"मला अर्धा तास द्या," ती म्हणाली. "मी इथं बसून लावून घेते."

"मैडम, अभी डांस वालों का चेक है," साउंडवाला म्हणाला. त्याच्या मागे सत्तावीस पोरी घुंगरू बांधून उभ्या होत्या.

अंशुमन धावत आला. त्याचा साहेब त्याच सोसायटीत राहायचा आणि उद्या सहकुटुंब पहिल्या रांगेत असणार होता. "आई, तू टेन्शन घेऊ नको. मी बघतो. उद्यापर्यंत सेट होईल सगळं."

नीलाला बरं वाटलं. मुलगा बघतो म्हणाला की कुठल्याही आईला बरंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती मोतिया रंगाची साडी नेसून स्टेजवर बसली. मॉडेलरची वायर साउंडवाल्याकडे गेली होती, हेडफोन नव्हते. तबला सुरू झाला, तिनं पहिली ओळ घेतली, आणि स्पीकरमधून जो आवाज आला तो ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. कालचा खिळा गेला होता. आवाज मऊ, भरलेला, मोठा. तिनं मनातल्या मनात त्या साउंडवाल्याला आशीर्वाद दिला. दुसऱ्या ओळीत तिला सहज एक हरकत सुचली, ती तिनं घेतली, पण ती काही स्पीकरमधून आलीशी वाटली नाही. स्पीकर लांब आहेत, पुढे तोंड करून आहेत, असं तिनं स्वतःला सांगितलं. विश्वासराव दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांचा पाय हलत होता. नीलानं तो बघितला आणि ती सुखावली.

मग पंचम आला. कांडी घसटत वर नेली, स्वरावर ठेवली, आणि ती थांबली. आता धरायचा. फुलेल का? तिनं श्वास रोखला.

स्पीकरमधला पंचम आखूड झाला आणि गत पुढे गेली.

नीलाची कांडी अजून पंचमावर होती. स्पीकरमधून पुढची ओळ वाजत होती, तिच्याच हाताची, तिच्याच वळणाची, बुधवारच्या वळणाची. तिला समजायला फार वेळ लागला नाही. स्वतःचं वाजवणं कुठला माणूस ओळखत नाही? स्टेजच्या कडेला अंशुमन लॅपटॉपपाशी उभा होता. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि अंगठा वर केला. म्हणजे चालू ठेव.

तिला राग आला. आयुष्यात इतका राग तिला कधी आला नव्हता. आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली, भर मांडवात पदर सुटल्यासारखी. चालू ठेवणं सोपं होतं. हात हलवत राहायचं, कुणाला कळलं नसतं. तिनं कांडी उचलली आणि मांडीवर ठेवली. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिली.

गत वाजत राहिली. शेवटची तिहाई पडेपर्यंत वाजत राहिली, आणि सुंदर वाजली. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. अंशुमनचा साहेब बायकोला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. बाकीच्यांचं लक्ष तिच्या हाताकडे नव्हतंच, काही मोबाइल वर धरून होते, काही पोरांना बसवत होते. तिहाई पडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब उठून स्टेजवर आला, पुष्पगुच्छ दिला. "व्हॉट अ मशीन! आपण हात काढून दाखवलात ना, वो तो कमाल था. ऑटो मोड आहे का?"

"हो," नीला म्हणाली. "आमच्याकडे सगळं ऑटोच असतं."

घरी आल्यावर अंशुमननं आधी पाणी आणून दिलं. त्याचा चेहरा उतरला होता. "आई, कालचा साउंड तू ऐकलास ना? तेच झालं असतं. मी रात्री बसून तुझं रेकॉर्डिंग क्लीन केलं, म्हणून इतकं छान वाटलं. आणि आई, ते तुझंच वाजवणं होतं ना? दुसऱ्या कुणाचं तर नाही लावलं?"

"माझंच होतं," नीला म्हणाली. "बुधवारचं."

"मग काय फरक पडतो? एकदम सेम टोन. त्या यंत्राचा तोच तर पॉइंट आहे."

आवाज तोच होता, हात तोच होता, एका केसाचा फरक नव्हता. फरक होता तो एका आवर्तनाचा, आणि तो कसा दाखवायचा? ती म्हणाली, "मला अर्धा तास हवा होता, अंशुमन. तेवढाच मागितला होता मी."

"तुमचं हसं होऊ नये म्हणून केलं, आई," कृतिका मध्ये म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच रडवेला होता.

"माझं वाजवून हसं झालं असतं तर माझं झालं असतं," नीला म्हणाली. "हे कुणाचं झालं?"

नीलानं विश्वासरावांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यानं सकाळी विचारलं होतं मला," विश्वासराव म्हणाले. "म्हटलं, ठीक आहे. तू घाबरली असतीस."

"मी इतकी वर्षं मंडळात वाजवलं. कधी घाबरले?"

"तसं नाही गं. पण छान झालं की. लोकांना आवडलं."

"आणि पंचमापाशी? तुम्हाला काही वेगळं वाटलं नाही?"

विश्वासरावांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही बुवा," ते म्हणाले. "हात काढलास ते दिसलं. ऐकायला काही वेगळं नाही आलं."

नीलाला त्या रात्री त्यांचा पाय आठवत राहिला. पंचमापाशी तो थांबला होता की नाही, हे तिनं बघितलंच नव्हतं. आणि आता असंही वाटायला लागलं की लक्ष्मीबाई नगरातही तो पंचमासाठी थांबायचा, हे तिनंच ठरवलेलं असेल. कदाचित पेपरातलं काहीतरी महत्त्वाचं आलेलं असेल. हा विचार सगळ्यात वाईट होता, कारण यानं मागची वर्षंही तिच्या हातातून काढून घेतली.

सकाळी चहा झाला, डबे झाले, सगळं पूर्ववत झालं. अंशुमननं दोनदा माफी मागितली, नीलानं दोन्ही वेळा "असू दे" म्हटलं. संध्याकाळी ठरलेल्या वेळी तिनं गिटार मांडीवर घेतली, वायर लावली, हेडफोन कानांवर चढवले. मॉडेलरची खिडकी काळीच होती. तिनं बटण दाबलंच नाही. तारा छेडायच्या नख्याही बोटांत घातल्या नाहीत. हात तारांवर ठेवून नुसती बसून राहिली. कृतिका फोनवर बोलत तिच्यासमोरून गेली आणि जाता जाता हसून मान हलवली. दोन तासांनी नीलानं हेडफोन काढले, गिटार पुसली, ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. तारेवरची खसखस बंद झाली होती, पण ती खसखस तरी कुणी ऐकत होतं? आठवडे गेले. दसरा झाला, दिवाळी झाली. भाऊबीजेला आलेल्या पाहुण्यांना कृतिकानं सांगितलं, "आई अजून रोज वाजवतात हां, एक दिवस चुकवत नाहीत." पाहुणे म्हणाले, "अरे वा."

थंडी पडायला लागली. एका संध्याकाळी नीला अशीच बसली होती. खिडकीबाहेर धुरकट आभाळात क्रेन उभ्या होत्या, समोर आणखी एक चौदा मजली इमारत चढत होती. बातम्यांमध्ये जाहिराती लागल्या तशी विश्वासरावांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिनं एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"आज काय वाजवलंस?" त्यांनी विचारलं.

"यमन," नीला म्हणाली.

"वा, छान," विश्वासराव म्हणाले, आणि रिमोट उचलला. "एकदा सगळ्यांना ऐकवायला हवं तू."